दोन डिस्का अन् अर्धं पुस्तक

तवा समाज भवनाच्या त्या खोलीत आमी पाच जण होतो. मी होती, झाडू बाजूले ठेवून दाराजवळ उभी. माही पोरगी होती, मशीनसमोर खुर्चीवर. आमच्या समाजाचे गुरुजी होते, शाळेतून रिटायर झालेले. समाज भवनाचं सारं काम तेच पाहत. माहे दीर होते, सौंसरहून आलेले, गादीवर मांडी घालून बसलेले. अन् नागपूरचा मिस्त्री होता, ज्यानं ते कंपूटर पांढुर्ण्याले आणून बसवलं. सहावा कोणी नोता. मंग मागून लय जणांनी सांगतलं का आमी बी होतो, आमी असं म्हणलं, आमी तसं म्हणलं. कोणी नोतं. मी दाराशीच उभी होती, माह्या अंगावरून गेल्याबिगर आत कोण जाईन?

मी चौथी शिकली. लिहाले टाइम लागते, पण लिहून राहिलो. पोरीच्या हातून हे लिहून घेता येत नाई, काहून का गोष्ट तिचीच आहे.

माहा माणूस लवकर गेला. मी समाज भवनात झाडू मारत होती, पाणी भरत होती, लग्नाच्या दिवसांत गाद्या उचलत होती. त्याच्यातच पोरीले मॅट्रिक केलं, टायपिंग शिकवलं, लग्न करून देलं. दोन वर्सानं ती वापस आली. तिच्या पाठीवर काय होतं ते मी पायलं आहे, इथं लिहत नाई. ती एवढंच म्हणली, "आई, मी इथं राहतो." मी म्हणली, "राह्य."

पण राह्य म्हणणारी मी कोण? माणूस गेल्यावर घराण्यात मोठे माहे दीर. त्यायच्या बी दोन पोरी लग्नाच्या होत्या. त्यायनं मले आंगणात बसवून सांगतलं, "वहिनी, टाकलेली पोरगी घरात आहे म्हणलं का माह्या पोरीयले कोण पुसन? मी वाईट बोलून नाई राहिलो, जे आहे ते बोलून राहिलो."

मी म्हणली, "तिले गुरुजीनं काम देलं आहे, भाऊजी."

"कायचं काम?"

"पुस्तकाचं."

आमच्या समाजाचं परिचय पुस्तक निघत होतं. लग्नाच्या पोरापोरीयचं नाव, शिक्षण, उंची, बापाचं कूळ, मामाचं कूळ, शेती का नोकरी, असं सारं एका पुस्तकात. आदी हातानं लिहून नागपूरले छापाले देत. छापून येईपर्यंत वरीस जाय, अन् अर्ध्या पोरी लग्न होऊन पोटुशा असत. म्हणून गुरुजीनं कोणाच्या तरी दफ्तरातलं जुनं कंपूटर आणवलं. ज्याचं जुळलं त्याचं नाव काढता येते, नवीन टाकता येते. पांढुर्ण्यात तवा टीव्ही बी मोजक्या घरी होता. लोक भवनात ते मशीन पाहाले येत, जसं जत्रेत येते तसं.

दीर उठून उभे झाले. मंग म्हणले, "ठीक आहे. पुस्तक निघू द्या. समाजात तिचं नाव झालं, पोरगी कामाची आहे असं चार लोक म्हणले, तं राहू द्या इथंच. मी उत्तर देईन लोकायले. नाई झालं तं दिवाळी झाल्यावर मी सोता तिले सासरी नेऊन घालतो. ते ठेवतो म्हणून राहिले."

पोरगी आत भाकरी थापत होती. तिनं ऐकलं. थापटीचा आवाज बंद झाला अन् मंग पुन्हा सुरू झाला.

आता त्या दिवसाचं सांगतो. आदी ती नावं फ्लॉपीवर ठेवत. फ्लॉपी म्हणजे पातळ चौकोनी पाकिटासारखी. मागच्या पावसाळ्यात त्यायले बुरशी आली, लोणच्याले येते तशी, अन् बरीच नावं गेली. गुरुजी घाबरले. मिस्त्री म्हणला, मशीनच्या पोटात हार्ड डिस्क आहे, तिच्यात ठेवा. डिस्क म्हणजे लोखंडाचा बंद डबा, विटेएवढा. गुरुजी म्हणले, अन् ती मेली तं? म्हणून त्यानं अशीच एक जुनी दुसरी डिस्क आणली. आता दोन झाल्या, अन् दोन कशा ठेवायच्या त्याच्यावर ती बैठक बसली.

मिस्त्री म्हणला, "दोन रस्ते आहेत गुरुजी. एक, मी कार्ड लावून दोन्ही एकमेकीले जोडून देतो. ताई एकदा लिहीन, ते दोन्हीत एकाच वक्ती उतरन. काही कराले नोको. एक डिस्क मेली तं दुसरी तशीच चालू. दुसरा रस्ता, दोन्ही अलग ठेवा. दिवसभराचं काम पहिलीत करा. संध्याकाळी त्याची नक्कल दुसरीत उतरवा, तपासून पाहा, अन् दुसरीची वायर काढून ठेवून द्या. याले रोज पाऊण तास लागन."

दीर हसले. "दोन दोन डबे अन् पोरी त्याच? एवढ्यात तं चार लग्न लागले असते, गुरुजी."

"तुमी चूप बसा गा," गुरुजी म्हणले. "बोल पोरी. जो हात काम करते त्या हातानं सांगावं."

पोरीनं मिस्त्रीले विचारलं, "जोडल्या, अन् माह्या हातानं चुकीचं लिहिलं तं?"

"तं दोन्हीत चुकीचं."

"अन् पुसलं तं?"

"दोन्हीत पुसलं. ताई, मशीन म्हणजे इमानदार नौकर. खड्डा खोद म्हणलं का खोदते, कोणाच्या घरात खोदून राहिली ते पाहत नाई."

पोरगी म्हणली, "मंग अलग ठेवा, गुरुजी. आजचं बिघडलं तं कालचं तं राहीन."

एवढंच बोलली ती. बरोबर बोलली. मी माह्या कानानं ऐकलं, अन् आज लिहून देऊन राहिलो. गुरुजी म्हणले, "ठीक. तरी दोन दिवस विचार कर. मिस्त्री रविवारी कार्ड घेऊनच येते. लावायचं का नाई ते तवा सांग."

त्या दोन दिवसांतच मी मधात पडली.

तवा लाइट पाळीनं राहे. दुपारी चारच्या आसपास जाय, दिवा लागायच्या वक्ती येई. म्हणजे नक्कल उतरवायची तं अंधार पडल्यावरच. भवनाच्या बाजूले पानठेला, ठेल्यावर चार रिकामे. दुसऱ्याच दिवशी नळावर एक बाई, आमच्याच गल्लीतली, हंडा उचलता उचलता मले म्हणली, "काय वो, तुही पोरगी अंधार पडेपर्यंत कंपूटर शिकून राहिली का कंपूटरवाला?" बाकीच्या हसल्या. मी बी हसली. हसली नाई तं अजून बोलतीन, एवढी अक्कल मले होती.

घरी आली अन् पोरीले म्हणली, "जोडून टाक म्हण त्याले."

"काहून?"

"रोजचा पाऊण तास वाचन. उजेड असता घरी येशीन."

"आई, तुले समजून नाई राहिलं. जोडल्या म्हणजे त्या दोन नाई रायत. एकच होते."

"मले नाई समजत. मले नळावरच्या बाया समजतात."

"त्या बायाच पुस्तक छापून देणार आहेत का मले?"

"त्या बायाच तुह्या काकाच्या कानापर्यंत जातीन. मंग पुस्तक निघायच्या आदीच तो तुले नेईन. कोणतं काम करशीन मंग?"

तिनं चुलीत लाकूड सारलं. मी अजून म्हणली. आता ते शब्द लिहाले बी जड जाते. मी म्हणली, "एक घर तं सोडून आली, आता माहं बी घर सोडवशीन का?"

रविवारी मिस्त्री आला. पोरीनं गुरुजीले सांगतलं, "जोडून द्या." गुरुजीनं विचारलं, "परवा तं अलग म्हणली होती?" ती म्हणली, "विचार केला." माह्याकडे पायलं बी नाई. मिस्त्रीनं झाकण उघडून कार्ड बसवलं, दोन्ही डिस्कांना एक वायर लावली, अन् नारळ फोडला. मी फरशीवरचं पाणी पुसलं.

चार महिने काम सुरळीत झालं. बोरगावचे, मोहगावचे, तिगावचे, सौंसरचे लोक फारम घेऊन येत. फारमासंगं पोरीची पत्रिका. अन् इथं एक गोष्ट सांगाले लागते, नाई तं पुढचं समजणार नाई. आमच्यात पोरीची पत्रिका परक्याच्या घरी ठेवत नाईत. सोयरिक पाहाले देली अन् नाई जुळली तं आठ दिवसांत ती वापस करा लागते. कोणी अडवून ठेवली तं भांडणं होतात. पोरीचं नशीब दुसऱ्याच्या कपाटात बंद होऊन पडते, असं म्हणतात. म्हणून फारम अन् पत्रिका मशीनमधी उतरली का बाप दुसऱ्याच दिवशी हजर.

"गुरुजी, झालं का लिहून? द्या आमचा कागद."

पोरगी गुरुजीले एकदा म्हणली, "पुस्तक छापेपर्यंत कागद राहू द्या ना." गुरुजी म्हणले, "आपल्याजवळ दोन दोन डिस्का आहेत पोरी, लोकायचे कागद कायले अडवून ठेवायचे? शिव्या खायच्या का?" ते बरोबरच होतं त्यायचं. कागद वापस घेतला का बाप रजिस्टरात सही करे, नाई तं अंगठा लावे. गावाचं नाव, बापाचं नाव, बस. बाकी सारं मशीनच्या पोटात.

पोरगी उजेडात घरी येऊ लागली. नळावरची बाई दुसऱ्या कोणाच्या मागं लागली. मले वाटलं, मी बरोबर केलं.

नवरात्रात मोहगावचा एक बाप आला. दुपार सरत आली होती. त्याच्या पोरीचं साक्षगंध झालं होतं. आमच्याकडे साक्षगंध झालं का पोरगी बांधल्या गेली. मंग तिचं नाव कुठं लग्नाच्या यादीत असलं तं इवाई, पोराचा बाप, तोंड फिरवते. तो दारातूनच म्हणला, "माह्या पोरीचं नाव काढा. आत्ता काढा."

पोरगी म्हणली, "काका, लाइट जायची वेळ झाली. उद्या सकाळी पयलं तुमचंच काम करतो."

"उद्या इवाई इथूनच जाऊन राहिले. गुरुजीले भेटतीन. त्यायनं यादी पायली तं?"

"यादी कागदावर नाई काका, मशीनमधी आहे."

"मशीनमधी असो का विहिरीत. माह्या डोळ्यांसमोर काढ."

गुरुजी म्हणले, "काढून दे वो, दोन मिनिटांचं काम."

पोरीनं घड्याळ पायलं. मंग बोटं चालवली. मी तवा माठात पाणी ओतत होती. मशीन कुरकुर कराले लागली, नाव काढलं का ती खालची सारी नावं वर सरकवते, तसा तिचा आवाज येई. त्या आवाजाच्या मधातच लाइट गेली.

मोहगावचा बाप म्हणला, "निघालं का?"

पोरगी म्हणली, "माहीत नाई."

लाइट आली तवा अंधार पडला होता. तिनं मशीन चालू केली. यादी उघडली. पहिल्या दहा-बारा नावांनंतर पडद्यावर नुसते ठिपके अन् रेघा, जसं कोणी गव्हात रेती कालवली. ती खालपर्यंत गेली. खालपर्यंत तेच. गुरुजी म्हणले, "घाबरू नोको, दुसरी आहे ना." मिस्त्रीनं फोनवर सांगतलं तसं तिनं पहिलीची वायर काढली, दुसरीची ठेवली. दुसरीत बी तेच. तेच ठिपके, त्याच रेघा, त्याच जागी.

मिस्त्री दोन दिवसांनी आला. लय वेळ पाहत बसला. मंग म्हणला, "डिस्का दोन्ही चांगल्या आहेत गुरुजी. एकही मेली नाई. अर्धवट लिहिल्या गेलं, ते दोन्हीत अर्धवट लिहिल्या गेलं. कालची नक्कल कुठी आहे?"

गुरुजीनं दुसऱ्या डिस्ककडे बोट दाखवलं.

"अलग ठेवल्या असत्या तं..." तो म्हणला अन् थांबला. बरा माणूस होता.

मंग बैठक बसली. भवनाच्या मोठ्या खोलीत सारे पंच, माहे दीर बी. पोरगी भिंतीशी उभी. मी पाण्याचा जग घेऊन दाराशी. एक पंच म्हणले, "एवढ्या लोकायचा भरवसा होता. चूक कोणाची ते तं समजू द्या." गुरुजी खाली पाहून म्हणले, "मिस्त्रीनं दोन रस्ते सांगतले होते. जोडा असं पोरीनंच सांगतलं." ते खोटं बोलले नाईत. त्यायले तेवढंच माहीत होतं.

पंचानं पोरीले विचारलं, "तूच म्हणली होती का?"

ती म्हणली, "हो, मीच म्हणली."

माह्या हातात जग होता. पुढं जायचं अन् म्हणायचं, ती अलगच म्हणत होती, मी तिले जोडाले लावलं. एवढंच. दहा पावलं बी नोती. मी गेली नाई. मले वाटलं, हे म्हणतीन झाडूवालीच्या अकलेनं समाजाचं काम चालते का, अन् भवनातलं काम माह्या हातून जाईन. मंग दोघी खाऊ काय? असं मी तवा मनाले सांगतलं. पण खरं सांगतो, तेवढा बी विचार नोता. नुसते पाय उचलले नाईत. दीर मान खाली घालून बसले होते. एक पंच पाणी मागत होते, मी त्यायले पाणी देलं.

गुरुजीनं एक मोहलत घेतली. तुळशीच्या लग्नापासून लग्नं सुरू होतात, त्याच्या आदी पुस्तक निघालं पायजे. रजिस्टरात बापाची नावं होती. गुरुजी म्हणले, "जा, पुन्हा गोळा करा." मी भवनातून सुट्टी घेतली अन् पोरीसंगं निघाली. तिच्या पिशवीत कोरे फारम, माह्या पदरात भाकरी. बस जिथपर्यंत जाई तिथपर्यंत बस, पुढं पायी. कापसाच्या वेचणीचे दिवस होते, घरी कोणी सापडे नाई, वावरात जाऊन भेटा लागे.

पोरायवाले लगेच देत. पोराच्या कागदाले कायची शिवाशिव? तिगावले टेसनाच्या बाजूले एक बाप भेटला, बिडी विझवून खुशीत सांगू लागला. "मागच्या वक्ती पाच फूट तीन इंच लिहिलं होतं. आता पुन्हा लिहूनच राहिली तं पाच-पाच करून टाक."

पोरगी म्हणली, "काका, चार महिन्यांत पोरगा वाढला का?"

"वाढतं वय आहे त्याचं."

"तीस वर्साचा लिहिला होता ना तुमी?"

"ते बी सत्तावीस कर." त्याची बायको आतून ओरडली, "अन् बारावी फेल नोको लिहू वो, नुसतं बारावी लिव!" पोरगी हसली. त्या दहा दिवसांत मी तिले तेवढंच एकदा हसताना पायलं.

पोरीयवाले देत नोते. पत्रिका एकदा बाहेर गेली अन् वापस आली, म्हणजे मामला संपला. दुसऱ्यांदा काढली का लोक समजतात कुठं तरी बोलणी होऊन मोडली. बोरगावच्या एका वावरात एक माय कापूस वेचत होती. कमरेच्या ओट्यात कापूस, हात थांबले नाईत. ती म्हणली, "बाई, एकदा देली ते झालं. दुसऱ्यांदा देली तं लोक म्हणतीन पोरीत खोट आहे, वापस आलेली..." अन् तिनं माह्या पोरीकडे पायलं. पोरीच्या गळ्यात लग्नाची पोत होती अन् ती मायसंगं फिरत होती, त्यावरून बाईले समजलं.  माह्या पोरीनं म्हणलं, "बरोबर आहे काकू. राहू द्या." अन् तिचं पडलेलं एक बोंड उचलून तिच्या ओट्यात टाकलं. आमी पुढच्या वावरात गेलो.

मोहगावले एका बापानं तं उंबऱ्याच्या आत येऊ देलं नाई. म्हणला, "तुमच्या मशीननं पोरी खाल्ल्या, आता पुन्हा खाऊ घालू का?" एक-दोघींच्या मायनं मात्र, माणूस घरी नाई असं पाहून, तोंडपाठ सांगतलं. जन्मवेळ, नाडी, गण, सारं. पोरगी ओसरीवर बसून भराभर लिहत गेली.

या वक्ती तिनं मले विचारलं नाई. मिस्त्रीले सांगून दोन्ही डिस्का अलग करून घेतल्या. लाइट आली का रोज नक्कल उतरवे, तपासे, वायर काढे. अन् मी भवनाच्या पायरीवर बसून राहे, तिचं होईपर्यंत. पानठेल्यावरचे पाहत. पाहू दे. म्हाताऱ्या बाईले पाहून कोणाचं पोट भरते? दोन-चार दिवसांनी त्यायनं पाहणं सोडलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी पायरीवर बसल्या बसल्या माह्या ध्यानात आलं का मी पयल्या दिवसापासून अशीच बसली असती तं झालं असतं. पाऊण तासाचं बसणं. जोडायचं बी काम नोतं, अन् नळावरच्या बाईले बोलाले तोंड बी राहिलं नसतं. मले ते सुचलंच नाई. मले फक्त तिले घरी आणायचं सुचलं.

पुस्तक तुळशीच्या लग्नाच्या चार दिवस आदी निघालं. पोरायची पानं भरून. पोरीयची अर्धी बी नाई. लोकायनं हातात घेतलं, मागची पानं उलटली अन् म्हणले, "पोरी कुठी आहेत?" त्या वर्सी बऱ्याच पोरीयचं जुळायचं राहिलं. काहीयचं पुढच्या वर्सी जुळलं, काहीयचं लय उशिरा. ते पुस्तकामुळंच झालं असं कोणी सांगू शकत नाई, पण म्हणाले लोकायले कारण पायजे असते.

दीर आले. वाईट नाई बोलले. "वहिनी, मी शब्द देला होता पुस्तक निघालं तं. हे अर्धं आहे. माह्या बी घरी दोन पोरी आहेत, त्यायची नावं बी नाईत याच्यात." ते खरं होतं. त्यायच्या बायकोनं बी दुसऱ्यांदा पत्रिका काढू देली नोती. 

मी पोरीची पेटी भरली. बस अड्ड्यावर दीर तिकिटीले गेले तवा तिनं मले विचारलं, "आई, त्या दिवशी बैठकीत तू काहून नाई बोलली?"

मी म्हणली, "बोलून काय झालं असतं?"

ती म्हणली, "काई नाई." अन् पेटी उचलून बसमधी चढली. खिडकीजवळ बसली नाई, आतल्या बाजूले बसली.

नऊ वर्स ती सासरी राहिली. ते मी लिहत नाई. नवरा मेल्यावर वापस आली. तवापर्यंत दीर बी गेले होते, गुरुजी बी गेले होते. आता आमी दोघीच आहोत. ती संत्र्याच्या मंडीत माल छाटाले जाते, मोठा अलग, बारीक अलग. आता घरोघरी कंपूटर आहेत, मंडीत बी आहे. तिले तिथल्या लोकायनं विचारलं, "बसता का यावर?" ती नाई म्हणली. माह्याशी ती चांगली बोलते. औषध आणते, पाय चेपते. ती गोष्ट आमच्यात पुन्हा निघाली नाई.

मागच्या हंगामात मोहगावले एका लग्नात गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत एक बाई, पन्नाशी उलटलेली, माह्या पोरीकडे बोट दाखवून बाजूवालीले म्हणली, "हीच ना ती, जिनं पोरीयची नावं पुसली होती? माहं लग्न हिच्यामुळं चार वर्स अडलं." पोरीनं ऐकलं. ताटातला भात तसाच कालवत राहिली. मी त्या बाईकडे गेली नाई. पंगत होती, लोक होते. पुन्हा तेच झालं माह्याच्यानं.

म्हणून हे लिहिलं. त्या वर्सी ज्यायच्या घरच्या पोरीचं नाव पुस्तकात आलं नाई, त्यायले माही एक विनंती आहे. माह्या पोरीले बोल लावू नोका. तिनं अलग ठेवा असंच म्हणलं होतं, जोडाले मी लावलं. ती मंडीत भेटली, लग्नात भेटली, तं तिच्याशी चांगलं बोला. अन् बोलायचंच असन तं माह्या घरी येऊन मले बोला. मी कुठी जात नाई, घरीच असतो.